रकाना क्रमांक चौदा

रकाना एक, अर्जदाराचे नाव. वाचून झालं.

रकाना दोन, पत्ता. वाचून झाला.

रकाना तीन, उपक्रमाचे स्वरूप: शाळा सुटल्यानंतर मुलामुलींसाठी ज्यूदोचा वर्ग, वय सात ते तेरा, दुपारी चार ते सहा, स्थळ वस्तीचे सभागृह.

इथे अर्जदार, म्हणजे थोरली, शेजारी बसलेल्या धाकट्या भावाकडे झुकली.

"सगळा अर्ज वाचणारेत का हे?"

"सगळा," धाकटा म्हणाला. "त्या रेडिओचं चाललं तर पूर्णविरामसुद्धा."

रेडिओ म्हणजे समितीचा कारकून. आवाजाला चढ नाही, उतार नाही. जन्म, मृत्यू, पाण्याची जोडणी, कुत्र्याचा परवाना, सगळं एकाच पट्टीत. दोन वर्षांपूर्वी आधीच्या समितीनं कुणाला न सांगता गल्लीच्या तोंडाशी एक शेड मंजूर केली होती. त्यावरून जी काही बोंबाबोंब झाली, तेव्हापासून नियम आला: अर्जात लिहिलेलं अक्षर न् अक्षर भरसभेत मोठ्यानं वाचायचं. मग मत.

"मला आधी सांगायचं नाही का?"

"त्यात सांगायचं काय? तू काय दरोडा लिहिलायस?"

थोरली हसली नाही.

रकाना चार, पाच, सहा. शिक्षण. अनुभव. अकरा वर्षे शहरातील व्यायामशाळेत प्रौढांना प्रशिक्षण. ती व्यायामशाळा आता बंद. गाद्या बावीस, त्या व्यायामशाळेकडून मिळालेल्या, सुस्थितीत.

सुस्थितीत म्हणजे थोरलीच्या खोलीत. एकावर एक, छतापर्यंत. पलंगापर्यंत जायचं तर आडवं होऊन जावं लागतं. आई रोज म्हणते, ह्या गाद्यांशीच लग्न लाव आता.

आणि आजची सभा शेवटची. आज मंजुरी नाही मिळाली, तर सभागृह वर्षभरासाठी एका फर्निचरवाल्याला गोदाम म्हणून जाणार होतं. ते अध्यक्षांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं होतं. अध्यक्ष पेशानं चष्मेवाले. माणसाकडे बघताना आधी त्याच्या चष्म्याकडे बघायचे. "ताईंचा अर्ज पहिला घेऊ," ते म्हणाले होते. "मनापासून काम करणारी बाई आहे. आणि सह्या बघा किती आणल्यात!"

सह्या एक्केचाळीस. सभागृहाभोवतीचं प्रत्येक घर. त्या आणल्या होत्या धाकट्यानं.

धाकट्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

धाकटा रंगारी. पण दारं, फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या आणि भिंतीचा खालचा भाग. खांद्याच्या वर त्याचा कुंचला जात नाही. वरचं काम करायला तो जोडीदार ठेवतो, आणि गल्ली त्याला 'अर्धीभिंत' म्हणते. तोंडावर म्हणते, कारण तो स्वतःच सांगतो: "आठ वर्षांचा होतो, शिडीवरून पडलो, दोन दिवस शुद्धीत नव्हतो. डावा कान तिथेच ठेवून आलो. तेव्हापासून जमिनीला धरून आहे." स्टुलावर चढत नाही. पुलावरून जाताना मधोमध चालतो. घराची वरची खोली भाड्यानं दिली आणि स्वतः खाली झोपतो. एका मुलीशी ठरत आलेलं लग्न तिचं घर सहाव्या मजल्यावर आहे म्हणून मोडलं. ही गोष्ट तो विनोद म्हणून सांगतो आणि लोक हसतात.

तो दहा दिवस संध्याकाळी घरोघर फिरला होता. "माझी बहीण आहे हो. मुलांना जपते. मला जपलंय ना लहानपणापासून!"

रकाना सात. आठ.

रकाना चौदामध्ये काय विचारतात ते कुणालाही विचारा, सांगता येणार नाही. विचारतात असं: अर्जदाराच्या कृतीमुळे पूर्वी कोणास शारीरिक इजा झाली असल्यास तपशील. तिथे सगळे 'निरंक' लिहितात. मांडववाले, जनरेटरवाले, पोहण्याचा तलाव चालवणारे, सगळे. निरंक हे त्या रकान्याचं उत्तर नाही, त्याचा भागच आहे.

थोरलीनंही लिहिलं.

पहिली प्रत: निरंक. फाडली.

दुसरी प्रत: निरंक. फाडली.

तिसरी प्रत: किरकोळ. ती तर लिहितानाच लाज वाटून फाडली.

व्यायामशाळेत अकरा वर्षं तिचा एकच कडक नियम होता. गादीवर कुणाला लागलं तर ज्याच्या हातून लागलं त्यानं आधी हात वर करायचा आणि बोलायचं, मी केलं. बर्फ, पट्टी, डॉक्टर, सगळं नंतर. आता हेच लहान मुलांना सांगायचं होतं. निरंक लिहून मिळालेल्या सभागृहात उभं राहून कसं सांगायचं?

म्हणून चौथी प्रत खरी. अर्ज फायलीत जाईल, फाईल कपाटात, कपाटाला कुलूप, असं तिनं धरलं होतं. एखादा अधिकारी वाचेल, बोलावून विचारेल, ती सांगेल. आणि त्याआधी धाकट्याला सांगेल. रविवारी. तो रविवार एकोणतीस वर्षं येत होता.

रकाना अकरा, प्रथमोपचाराची व्यवस्था.

थोरली उभी राहिली. "मला अर्ज मागे घ्यायचाय."

रेडिओ थांबला नाही. अध्यक्षांनीच हात वर करून त्याला थांबवलं. "काय झालं ताई?"

"अर्ज मागे घ्यायचाय. चूक राहिलीय एक."

"अहो, चूक शेवटी दुरुस्त करू. वाचन मध्येच सोडायचं नाही असा नियम आहे, शेडच्या वेळी तेच तर झालं होतं. बसा, बसा."

धाकट्यानं तिला हाताला धरून खाली ओढलं. "अगं, घाबरतेस काय? सगळी आपलीच माणसं आहेत. आणि आई बघ कशी बसलीय, जणू तुझा सत्कार आहे."

आई तिसऱ्या रांगेत, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

रकाना बारा.

रकाना तेरा, साहाय्यक असल्यास नाव. नाही.

रकाना चौदा.

"रकाना चौदा," रेडिओ म्हणाला, "अर्जदाराच्या कृतीमुळे पूर्वी कोणास शारीरिक इजा झाली असल्यास तपशील. होय. अर्जदार पंधरा वर्षांची असताना तिने आपल्या आठ वर्षांच्या भावास घरामागील फरशीवर फेकले. भाऊ दोन दिवस बेशुद्ध होता. त्याचा डावा कान कायमचा निकामी झाला. घरच्यांनी डॉक्टरांना तो शिडीवरून पडल्याचे सांगितले. ते खरे नव्हते. रकाना पंधरा, सभागृहाच्या किल्ल्या कोणाकडे राहतील. अर्जदाराकडे. रकाना सोळा, पिण्याच्या पाण्याची सोय."

कुणीच—

"मुलांनी घरून बाटली आणावी."

कुणीच हललं नाही. मागे कुणाची तरी खुर्ची करकरली आणि तीही मध्येच थांबली.

"रकाना सतरा, आग लागल्यास बाहेर पडण्याचे मार्ग. दोन."

धाकटा हसत होता. म्हणजे चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच राहिलं होतं, आवरायला कुणी आलंच नव्हतं. त्यानं उजवा कान रेडिओकडे केला, जणू नीट ऐकू आलं नाही. मग हळूहळू मान थोरलीकडे वळवली.

"हा कुठला भाऊ?" त्यानं विचारलं.

त्याला एकच बहीण. तिला एकच भाऊ.

"रकाना अठरा—"

"बंद कर रे!" अध्यक्ष ओरडले. दोन वर्षांत वाचन पहिल्यांदाच असं अर्धवट तुटलं. रेडिओनं बोट त्या ओळीवर ठेवलं आणि तो तसाच उभा राहिला.

थोरलीनं बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"साफ खोटं आहे!"

आई उभी होती.

"शिडीवरून पडला तो. मी होते तिथे. माझ्या डोळ्यांदेखत पडला. ह्या पोरीला काय सुचतंय, कुणाला ठाऊक. लिहा अध्यक्षसाहेब, आई सांगतेय म्हणून लिहा. शिडी."

"आई," थोरली म्हणाली. आवाज निघाला तो तिला स्वतःलाही अनोळखी वाटला. "तू बाजारात होतीस."

"मी होते!"

"तू आलीस तेव्हा मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तू पिशवी टाकलीस आणि म्हणालीस, कुणी विचारलं तर शिडी."

अध्यक्षांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसले. त्यांनी बाजूच्या सदस्यांकडे पाहिलं. सदस्य टेबलाकडे पाहत होते. शेवटी ते धाकट्याला म्हणाले, "हे बघा, दोन जबान्या झाल्या. लागलं ते तुम्हाला. तुम्हीच सांगा. तुम्हाला काय आठवतं?"

आता धाकटाही उभा राहिला.

"मला शिडी आठवते," तो म्हणाला.

आईनं सुटकेचा श्वास टाकला. तो सगळ्यांना ऐकू गेला.

"लाकडी. हिरवा रंग उडालेला. खालून चौथी पायरी ढिली होती, तिचा खिळा बाहेर आला होता. मी वर गेलो. वरून शेजाऱ्यांच्या अंगणातलं सगळं दिसत होतं. मग पायरी फिरली. मला ते फिरणं आठवतं. अजून झोपेत आठवतं." त्यानं थोरलीकडे पाहिलं. "मला आठवतंय गं. मग तू असं का लिहिलंस?"

ह्या एका गोष्टीचा विचार थोरलीनं एकोणतीस वर्षांत केला नव्हता. तो चिडेल, रडेल, मारेल, घर सोडेल, सगळं तिनं मनात करून पाहिलं होतं. त्याला आठवत असेल, हे नव्हतं पाहिलं.

"आपल्याकडे शिडी नव्हती," ती म्हणाली.

"काय?"

"कधीच नव्हती. एका मजल्याचंही घर नव्हतं ते पूर्ण, वर पत्रा. शिडी लावायची कुठे?"

धाकटा आईकडे वळला. "आई. शिडी कुणाची होती?"

"शेजाऱ्यांची."

"कुठल्या?"

"अरे, त्या... बाजूच्या."

"बाजूला तर मोकळी जागा होती. आई, ती हिरवी होती ना? चौथी पायरी ढिली?"

आईनं पर्स उघडली. आत काही नव्हतं बघण्यासारखं. मिटली. पुन्हा उघडली. "मी तुला सांगत होते ना रोज," ती पर्सकडे बघत म्हणाली, "दवाखान्यात. तू विचारायचास, मी सांगायचे. तू विचारायचास रंग कुठला, मी सांगायचे हिरवा. पोरीचं आयुष्य जाईल म्हणून... पंधरा वर्षांची पोर होती रे ती पण."

आई बसली नाही, खाली गेली. शेजारच्या बाईनं खुर्ची पुढे सरकवली म्हणून, नाहीतर फरशीवरच गेली असती.

एक प्रश्न राहिला होता. तो धाकट्यानं विचारला, आणि विचारताना त्याचा आवाज आठ वर्षांच्या पोरासारखा होता.

"खेळता खेळता ना?"

हो म्हटलं असतं तर सभेतले निम्मे लोक तिथेच विरघळले असते. अध्यक्षांनी तर मान हलवायला सुरुवातही केली होती. खेळता खेळता. लहान होती. अजाण होती. चौदाव्या रकान्यात दोन शब्द घातले की झालं.

"नाही," थोरली म्हणाली. "रागात. तू माझा ज्यूदोचा नवा पट्टा कापला होतास, कुत्र्याच्या पिल्लाला बांधायला. तीन महिन्यांनी मिळाला होता मला तो. ज्यूदोत समोरच्याला टाकताना त्याची बाही धरून ठेवायची असते. शेवटपर्यंत. आपण बाही धरली की तो पाठीवर उतरतो, डोकं वर राहतं. पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मला येत होतं."

"आणि?"

"मी सोडली."

अध्यक्षांनी चष्मा लावला. घसा साफ केला. ते वाईट माणूस नव्हते, उलट. ते टेबलावरून पुढे वाकून हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही चूक दुरुस्त करायचीय म्हणाला होता ना? नियमात बसतं. चौदामध्ये निरंक लिहा, आम्ही सही करतो, मत घेतो. घरातली गोष्ट घरात. उद्यापासून वर्ग सुरू. मुलांचं भलं होईल."

पेनसुद्धा पुढे केलं त्यांनी.

थोरलीनं पेनाकडे पाहिलं. बावीस गाद्या. चार ते सहा. सभागृहाच्या पायरीवर रोज दप्तरं मांडीवर घेऊन बसणाऱ्या त्या दोन बहिणी, आईची बस डेपोत परत येईपर्यंत. हो म्हणायला फक्त हात पुढे करायचा होता. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"ते तसंच राहू दे."

"मग मला मत घेणं अवघड जाईल हो."

"साहेब," धाकटा म्हणाला, "मत आत्ता घ्यायचंच नाही. सह्यांचा कागद द्या."

"कशाला?"

"माझा आहे. मी आणला."

"आता तो समितीचा—"

"मी एक्केचाळीस दारांत उभा राहून सांगितलं, माझी बहीण मुलांना जपते. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून सह्या केल्या. माझ्या ह्या कानाकडे बघून. मला माहीत नव्हतं म्हणून सांगितलं. त्यांनाही माहीत नव्हतं म्हणून केल्या." त्यानं कारकुनाच्या हातातून कागद ओढला. रेडिओनं बोट उचललं. "अर्धा तास थांबा. नाहीतर गोदामवाल्याला देऊन टाका, तुमची मर्जी."

"अर्धा तास!" एक सदस्य म्हणाला. "अहो, एक्केचाळीस घरं!"

"पाऊण तास मग."

तो दाराकडे निघाला आणि तिथे थांबला. मागे वळून न बघता म्हणाला, "येतेस ना? मी नाही सांगणार. तू सांगायचं."

आई खुर्चीतून "अरे, अरे" म्हणत राहिली. तिच्यापाशी शेजारची बाई होती. थोरली बाहेर पडली.

बाहेर लख्ख ऊन होतं, पाच वाजत आले होते. धाकटा भराभर चालत होता, ती मागे. ती नेहमी त्याच्या उजवीकडून चालायची, ऐकू यावं म्हणून. आज त्यानं तिला उजवी बाजू दिलीच नाही, भिंतीला लागून चालला.

"ऐक ना," ती म्हणाली.

"नको."

"मी दर रविवारी—"

"सहावा मजला होता गं," तो म्हणाला. एवढंच. आणि पहिल्या दाराची घंटा वाजवली.

पहिलं घर बसवालीचं. ती नुकतीच कामावरून आली असावी. अंगात खाकी शर्ट, पायांत एकच बूट, दुसरा हातात. तिच्या मागे त्या दोघी बहिणी डोकावत होत्या. थोरलीला पाहून मोठी म्हणाली, "मंजूर झालं?"

"आत जा गं," बसवाली म्हणाली. "काय अर्धीभिंत, परत सही? पहिली पळून गेली का?"

धाकट्यानं कागद दाराला टेकवून धरला आणि बाजूला झाला.

थोरलीनं सुरुवात केली. "ताई, सही करण्याआधी तुम्हाला एक सांगायला हवं होतं. मी लहान असताना, ज्यूदो शिकत असताना, माझ्या हातून ह्याला—"

"रागात," धाकटा रस्त्याकडे बघत म्हणाला.

"हो. रागात. हा आठ वर्षांचा होता. मी ह्याला फरशीवर फेकलं. धरून ठेवता येत होतं, मी सोडलं. ह्याचा कान त्यानं गेला. शिडीनं नाही."

बसवालीनं धाकट्याकडे पाहिलं, मग थोरलीकडे, मग पुन्हा धाकट्याकडे. हातातला बूट तिनं हळूच खाली ठेवला.

"माझ्या पोरी," ती म्हणाली, आणि थांबली. "मला तुझी किती गरज आहे, तुला कल्पना नाही. त्या पायरीवर बसतात तेव्हा माझं अर्धं लक्ष गाडीत नसतं." तिनं खिशाला अडकवलेलं पेन काढलं. "पण माझी धाकटीही आठच वर्षांची आहे बाई."

तिनं स्वतःचं नाव शोधलं. कागद फाटू नये म्हणून खालून तळहात धरला आणि सरळ एक रेघ मारली. रेघ मारून झाल्यावरही ती दारातच उभी राहिली, दार लावावं की नाही हे न सुचून. शेवटी आतून धाकटीनं हाक मारली म्हणून गेली.

थोरलीनं धाकट्याकडे पाहिलं. त्यानं कागदाची घडी केली नाही, तसाच उघडा धरला. चेहऱ्यावर ना समाधान, ना दया; मार लागलेला माणूस अजून कुठे लागलंय ते चाचपतो तसा चेहरा.

"पुढचं घर," तो म्हणाला.

दुसऱ्या दारात तिनं सुरुवातच रागापासून केली.